ठोकळे, लेगो आणि पत्त्यांचा बंगला: रचण्याच्या खेळण्यांतून मूल काय शिकते?

‘डॉक्टर, बाळासाठी कोणते ब्लॉक्स आणू? बुद्धीला चालना देणारे हवेत,’ हा प्रश्न दवाखान्यात वारंवार येतो. वाढदिवस, दिवाळी किंवा परदेशातून येणारे काका-मावशी जवळ आले की जास्तच. विचारणाऱ्यांच्या मोबाइलवर बहुतेक वेळा दोन-तीन हजारांच्या एखाद्या सेटचे चित्र तयार असते आणि मी त्यावर फक्त ‘हो’ म्हणावे, अशी अपेक्षा असते.

या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे की रचण्याची खेळणी मुलांसाठी खरोखर चांगली आहेत, पण त्यांचा फायदा खोक्यावरच्या किमतीवर ठरत नाही. तो ठरतो तीन गोष्टींवर. खेळणे मुलाच्या वयाला जुळते का, मूल ते स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मनाने रचते का, आणि शेजारी कोणी माणूस बसलेला आहे का. या लेखात या तिन्ही गोष्टी पाहू. त्याबरोबर आणखी दोन बाबी आहेत. एक म्हणजे ठोकळ्यांवरून मुलाच्या वाढीबद्दल काय कळते, आणि दुसरी म्हणजे यांतली कोणती खेळणी मुलाला थेट ऑपरेशन टेबलवर नेऊ शकतात. घाई असेल तर निदान ‘गिळण्याचा धोका’ हा भाग जरूर वाचा.

ठोकळ्यावर ठोकळा ठेवणे सोपे नसते

आपल्याला एकावर एक दोन ठोकळे ठेवणे अगदी क्षुल्लक वाटते. एक वर्षाच्या मुलासाठी ते मोठे काम असते. ठोकळा पकडणे त्याला जमते, कारण पकडण्याची क्रिया जन्मापासून असते. नवजात बाळाच्या तळहातावर बोट ठेवले तरी ते मूठ आवळते. अवघड असते ते सोडणे. हवे तिथे, हव्या त्या क्षणी, खालचा ठोकळा न ढकलता बोटे उघडायची, हे नियंत्रण यायला वर्ष-सव्वा वर्ष लागते. म्हणूनच आठ-नऊ महिन्यांचे बाळ वस्तू टाकून देते, फेकते, पण ठेवत नाही. ते हट्टी नसते, त्याला अजून नीट सोडता येत नाही.

मनोरा रचताना डोळे अंतर मोजतात, खांदा आणि कोपर हात स्थिर धरतात, बोटे हळूच उघडतात, दुसरा हात खालचा ठोकळा सांभाळतो. हे सगळे एकाच वेळी होते. मनोरा पडला की मेंदूला लगेच उत्तर मिळते, ‘जरा डावीकडे गेले’. पुढच्या वेळी हात थोडा सुधारतो. कोणी शिकवावे लागत नाही, कोणी रागवावे लागत नाही. चूक दाखवण्याचे काम गुरुत्वाकर्षण करते. मोबाइलच्या पडद्यावर बोट फिरवून रचलेल्या घराला वजन नसते, ते हाताला जड लागत नाही. म्हणून ब्लॉक्सचे ॲप हे ब्लॉक्सना पर्याय नाही.

याच बोटांनी पुढे बटण लावायचे असते, चपातीचा तुकडा तोडायचा असते आणि पेन्सिल धरायची असते. अनेक पालक तीन वर्षांच्या मुलाला ‘अ, आ’ गिरवायला बसवतात आणि अक्षर येत नाही म्हणून काळजी करतात. त्या वयात बोटांची ताकदच पुरेशी नसते. त्याच्या हातात ठोकळे द्या, कणकेचा गोळा द्या, कपडे वाळत घालायचे चिमटे द्या. पाटी-पेन्सिलची तयारी त्यातून होते.

कोणत्या वयात काय जमते

मुलाच्या वाढीची तपासणी करताना डॉक्टर कितीतरी वर्षांपासून साधे लाकडी ठोकळे वापरत आले आहेत. साधारण अडीच सेंटिमीटरचा, म्हणजे एक इंचाचा ठोकळा. कोणतेही महागडे यंत्र न वापरता पाच मिनिटांत बोटे, डोळे आणि समज यांचा अंदाज येतो. त्यामागचा हिशेब तुम्हालाही माहीत असलेला बरा.

सहा महिन्यांच्या आसपास बाळ ठोकळा तळहाताने पकडते आणि एका हातातून दुसऱ्या हातात घेते. पुढचा प्रवास तोंडाकडे असतो. या वयात तोंड हेच तपासणीचे मुख्य साधन असते, त्यामुळे त्यावर ओरडू नका. खेळणे धुतलेले आणि मोठे असेल एवढे पाहा. नऊ-दहा महिन्यांत दोन हातांत दोन ठोकळे घेऊन ते एकमेकांवर आपटण्याचा कार्यक्रम सुरू होतो. याच सुमारास अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत चुरमुरा उचलता येऊ लागतो. वर्षाच्या आसपास ठोकळा वाटीत टाकणे आणि काढणे जमते. हे टाका-काढा शंभर वेळा चालते आणि आपल्याला कंटाळा येतो, बाळाला येत नाही.

सव्वा वर्षाला दोन ठोकळ्यांचा मनोरा होतो. दीड वर्षाला तीन-चार ठोकळे, दोन वर्षांना सहाच्या आसपास, तीन वर्षांना नऊ-दहा. तीन वर्षांची आणखी एक खूण फार सुंदर आहे. दोन ठोकळे थोड्या अंतरावर ठेवून वर तिसरा आडवा ठेवायचा, म्हणजे पूल. यात पहिल्यांदाच मूल मोकळ्या जागेचा विचार करते. नुसते ठोकळे नव्हे, तर त्यांच्यामधले ‘काही नाही’ हेही रचनेचा भाग आहे, हे त्याला कळलेले असते. चार वर्षांना पाच ठोकळ्यांचा दरवाजा आणि सहाच्या आसपास पायऱ्यांचा जिना, तेही पाहून नक्कल करत.

हे आकडे सरासरीचे आहेत. शेजारच्या मुलीने दीड वर्षात सहा ठोकळे रचले आणि आपला तीनवर थांबला, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. ज्या मुलाने ठोकळे कधी पाहिलेच नाहीत, त्याला पहिल्या दिवशी जमणारही नाही. आठवडाभर खेळू द्या, मग पाहा. बाळ वेळेआधी जन्मलेले असेल तर दोन वर्षांपर्यंत वय मोजताना तेवढे आठवडे वजा करा. दोन महिने आधी जन्मलेल्या, आज पंधरा महिन्यांच्या बाळाची तुलना तेरा महिन्यांच्या बाळाशी करायची.

कधी दाखवून घ्यावे

खेळताना पुढीलपैकी काही दिसले तर ‘होईल हळूहळू’ म्हणत थांबू नका.

दीड वर्षाच्या आतच मूल ठामपणे एकच हात वापरत असेल आणि दुसरा हात मुठीत किंवा अंगाशी ठेवत असेल, तर त्याला लगेच ‘डावखुरा’ म्हणू नका. इतक्या लहान वयात मुले सहसा दोन्ही हात वापरतात. एकाच हाताचा वापर म्हणजे दुसऱ्या बाजूला अशक्तपणा असण्याची शक्यता असते. वर्षाच्या पुढेही चिमटीत वस्तू उचलता येत नसेल, दोन वर्षांचे मूल सराव देऊनही दोन-तीन ठोकळे रचू शकत नसेल, ठोकळा उचलताना हात थरथरत असेल, किंवा प्रत्येक वस्तू डोळ्यांजवळ नेऊन, मान तिरकी करून पाहत असेल, तरी दाखवा. शेवटच्या प्रकारात दोष हाताचा नसून दृष्टीचा असू शकतो, आणि लहानपणी वेळेत चष्मा लागला तर पुढचे बरेच नुकसान टळते. आधी जमणारी गोष्ट जमेनाशी झाली, तर मात्र वाट पाहायचीच नाही.

‘आमचा मुलगा ठोकळ्यांची नुसती रांग लावतो, ऑटिझम तर नाही ना?’ असेही बरेच पालक विचारतात. इंटरनेटवर वाचून आलेली ही भीती असते. रांग लावणे हा दोन-तीन वर्षांच्या मुलांचा अगदी नेहमीचा खेळ आहे. रांग लावून मूल तुमच्याकडे पाहते का, ‘बघ, गाडी!’ असे दाखवते का, नावाने हाक मारल्यावर वळते का, तुम्ही ठोकळा पुढे केला तर घेते का, हे पाहा. हे सगळे असेल तर रांगेची काळजी नको. हे नसेल, बोलणे मागे पडले असेल आणि रांग जराशी मोडली तरी खूप आकांत होत असेल, तर विकासाची तपासणी करून घ्या.

तपासणीसाठी बालरोगतज्ज्ञ आहेतच. पण खर्चाची अडचण असेल तर अंगणवाडी ताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते आणि गरज असेल त्यांना जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवले जाते. तिथे फिजिओथेरपी, वाचा उपचार अशी मदत मिळते. पहिल्या तीन वर्षांत सुरू झालेल्या उपचारांचा उपयोग जास्त होतो, म्हणून हे इतके आवर्जून सांगतो आहे.

हुशारी वाढते का?

खोक्यावर लिहिलेले असते तेवढी नाही.

या विषयावर अभ्यास झाले आहेत, पण ते नीट समजून घ्यायला हवेत. २००७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दीड ते अडीच वर्षांच्या मुलांच्या काही कुटुंबांना ब्लॉक्स आणि ते कसे खेळावेत याच्या सूचना दिल्या, काहींना नंतर देऊ असे सांगितले. सहा महिन्यांनी ब्लॉक्स मिळालेल्या मुलांचे भाषेचे गुण अधिक आले. चांगली गोष्ट आहे. मात्र अभ्यास लहान होता, सुमारे पावणेदोनशे मुलांचा, आणि त्याला पैसा ब्लॉक्स बनवणाऱ्या कंपनीकडून आला होता. तरीही निष्कर्ष मला पटण्यासारखा वाटतो, कारण ठोकळे हातात असले की घरातले माणूस मुलाशी बोलते. टीव्ही लावला की दोघेही गप्प होतात.

दुसऱ्या काही अभ्यासांत असे दिसले आहे की तीन-चार वर्षांची जी मुले गुंतागुंतीची रचना करतात, त्यांना आकार, दिशा, जागा यांची आणि गणिताचीही समज चांगली असते. पण हा संबंध आहे, कारण नव्हे. ज्याला मुळातच अशा गोष्टींत रस आहे ते मूल ब्लॉक्सकडे ओढले जाणारच. म्हणून ‘हा सेट घ्या, गणित पक्के होईल’ असा दावा कोणी केला तर पैसे खिशातच ठेवा.

सर्जनशीलतेबद्दल मात्र एक आकडा मला फार आवडतो. आठ टिकल्यांच्या, एकाच रंगाच्या लेगोच्या फक्त सहा विटा घेतल्या, तर त्या एकमेकींना ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ वेगवेगळ्या प्रकारे जोडता येतात. मूठभर विटाच पुरतात. मोठा डबा मागणाऱ्या मुलाला आणि त्याहून जास्त, तो घेऊन देऊ पाहणाऱ्या आजोबांना हे सांगायला हरकत नाही.

चित्र पाहून हुबेहूब तेच विमान किंवा तीच गाडी बनवायचे सेटही मिळतात. ते वाईट नाहीत. आकृती वाचणे, क्रमाने काम करणे, संपेपर्यंत चिकाटी धरणे हे त्यातून येते. अडचण तेव्हा होते, जेव्हा विमान एकदा बनते आणि ‘मोडू नकोस, खूप महाग आहे’ म्हणून काचेच्या कपाटात जाते. तिथे ते पालकांचे शोभेचे सामान होते. माझ्या मते ते आठवडाभर कौतुकाने ठेवावे, फोटो काढावा आणि मग मोडून सगळे तुकडे एका डब्यात टाकावेत. पुढच्या विमानाला पंखांऐवजी चाके लागतील, पण ते त्याचे स्वतःचे असेल.

शेजारी बसणारा माणूस

पंधरा-वीस मिनिटे पुरतात. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि जमिनीवर, मुलाच्या उंचीला येऊन बसा. गुडघे दुखणाऱ्या आजीने खुर्चीवर बसून समोर टीपॉय घेतला तरी चालेल.

बसल्यावर शिकवू नका. ‘हा रंग कोणता? हे किती?’ अशी परीक्षा घेतली की मूल उठून जाते. त्याऐवजी जे दिसते ते बोला. ‘लाल ठोकळा निळ्याच्या वर ठेवलास. आता हा कडेला आला, जरा कलतोय बघ.’ वर, खाली, आत, मधोमध, आडवा, उभा, पलीकडे, खालोखाल, तिरका, टोकाला हे शब्द पुस्तकातून शिकवणे कठीण आणि मनोरा रचताना बोलणे सहज असते. मोठे माणूस सोबत खेळत असेल तर असे जागा-दिशेचे शब्द जास्त येतात, हे अभ्यासांतही दिसले आहे. घरात मराठी बोलत असाल तर हे मराठीतच बोला. ‘अप-डाऊन’ शाळेत येईलच. पुण्यात असो की परदेशात, मुलाला घरची भाषा खेळातून जितकी लागते तितकी शिकवणीतून लागत नाही.

मनोरा पडणार हे तुम्हाला आधी दिसते. तरी हात पुढे करू नका. पडू द्या. मूल रडले तर ‘पडला ना, राग आला’ एवढे म्हणा आणि थोडे थांबा. बहुतेक वेळा ते पुन्हा सुरू करते. तीनदा पडल्यावरही खाली लहान आणि वर मोठा ठोकळा ठेवत असेल तर शेजारी स्वतःचा एक मनोरा रचा, मोठा खाली ठेवून. काही सांगू नका. ते पाहते.

पडद्याबद्दल डॉक्टरांचा सल्ला स्पष्ट आहे. दोन वर्षांपर्यंत मोबाइल-टीव्ही नको आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास. आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल याला अपवाद. पण मोबाइल काढून घेतला आणि हातात काहीच दिले नाही तर घरात रणकंदन होते. जेवण बनवताना मूल रिकामे राहते ती वेळ सर्वांत कठीण, तेव्हा ओट्यापासून दूर, जमिनीवर स्टीलचे डबे-वाट्या मांडून द्या. आवाज होईल. तो सोसा.

आणि मुलींना ब्लॉक्स द्या. मुलीला भातुकली आणि मुलाला मेकॅनो ही वाटणी अजूनही दुकानांत दिसते आणि घरांतही. जागेची समज सरावाने वाढते, सराव खेळण्यांतून होतो, आणि ती खेळणी निम्म्या मुलांपर्यंत जातच नसतील तर पुढे ‘मुलींना भूमिती जड जाते’ असे म्हणण्यात अर्थ नाही. मुलग्यांना भातुकलीही द्या. चहा करून पाहुण्यांना देणे हेही शिकण्यासारखेच आहे.

महाग सेट हवाच का?

ही खेळणी जुनी आहेत. जर्मनीत फ्रिड्रिश फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये लहान मुलांसाठी जी शिकण्याची साधने तयार करायला सुरुवात केली, त्यांत एक मोठा घन आठ छोट्या घनांत विभागलेला होता. बालवाडीतला लाकडी ठोकळा तिथपासून चालत आला आहे. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ मध्ये भोकांच्या धातूच्या पट्ट्या आणि नट-बोल्टच्या खेळाचे पेटंट घेतले, तेच पुढे मेकॅनो झाले. डेन्मार्कमधल्या लेगोच्या आजच्या विटेचे पेटंट १९५८ चे आहे. तेव्हाची वीट आजच्या विटेत बसते, त्यामुळे मोठ्या भावंडांचा जुना डबा मिळाला तर तो बिनदिक्कत घ्या, फक्त धुऊन.

आपल्याकडे हीच गोष्ट कमी पैशांत करणारी माणसे होऊन गेली आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि नंतर कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, तेव्हा आसपास मिळणाऱ्या वस्तूच साधने म्हणून वापरल्या. अरविंद गुप्ता यांचे काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून केलेले ‘मेकॅनो’ अनेक शिक्षकांना माहीत आहे. गूल काढलेल्या काड्या नळीत खोचायच्या आणि त्रिकोण, चौकोन, घर, घन करत जायचे. चौकोन दाबला की तिरका होतो, त्रिकोण होत नाही, हे सात-आठ वर्षांच्या मुलाला बोटांनी कळते. पुलांच्या लोखंडी सांगाड्यात त्रिकोण का असतात, हे मग वेगळे शिकवावे लागत नाही.

आणि दिवाळीचा किल्ला. दगड, विटा, माती, पोती, त्यावर पेरलेले अळीव. बुरूज ढासळू नये म्हणून पाया रुंद ठेवणे, चढाचा रस्ता वळणाने नेणे, कामे वाटून घेणे, वाद घालणे, हे सगळे त्यात येते. प्लास्टरचा तयार किल्ला आणून ठेवणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. फ्लॅटमध्ये राहत असाल तर सोसायटीच्या कोपऱ्यात चार घरांनी मिळून करा, नंतर साबणाने हात धुवायला लावा, बस.

घरी काय चालेल, तर झाकणाचे डबे, वाट्या, काड्या नसलेल्या काडेपेट्या, औषधांची रिकामी खोकी (गोळ्या आणि स्ट्रिप काढून टाकलेली, हे मुद्दाम सांगतो), सुताराकडून घासून आणलेले लाकडाचे तुकडे. सुतारकामाचे तुकडे सॅंडपेपरने गुळगुळीत करा आणि रंगवू नका. जुन्या किंवा हलक्या रंगात शिसे असू शकते आणि लहान मूल ते चोखणार. सहा-सात वर्षांच्या पुढे पत्त्यांचा बंगला आणि अंगणात लगोरी आहेच. श्वास रोखून पत्ता ठेवणाऱ्या मुलाचा हात पाहा. एरवी दोन मिनिटे स्थिर न बसणारे हेच का ते, असे वाटते.

गिळण्याचा धोका

आता काळजीचा भाग. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात लहान तुकडे देऊ नका. ओळखायची सोपी रीत म्हणजे टॉयलेट पेपर संपल्यावर उरणारी पुठ्ठ्याची नळी. जी वस्तू तिच्यातून आरपार जाते ती या वयासाठी नको. या वयाला चार-पाच सेंटिमीटरचे ठोकळे किंवा मोठ्या आकाराच्या विटा योग्य. खरा धोका बहुतेक वेळा पाच वर्षांच्या ताईच्या डब्यातून धाकट्यापर्यंत येतो. मोठ्यांचे छोटे तुकडे टेबलावर, धाकटा झोपलेला असताना आणि खेळून झाल्यावर मोजून डब्यात, असा नियम करा.

गिळलेला साधा, गुळगुळीत, लहान प्लास्टिकचा तुकडा पोटात गेला तर बहुधा शौचातून निघून जातो. २०१८ मध्ये बालरुग्णांवर उपचार करणाऱ्या सहा जणांनी स्वतः लेगोच्या बाहुलीचे डोके गिळून हे तपासले होते. ते सरासरी पावणेदोन दिवसांच्या आत बाहेर आले, एकाचे मात्र सापडलेच नाही. घरी असा प्रयोग करू नये. पोटदुखी, उलटी, लाळ गळणे, गिळताना त्रास किंवा रक्त दिसले तर लगेच दवाखाना गाठा.

दोन वस्तूंना मात्र हा दिलासा लागू नाही.

पहिली, चुंबक. चुंबकाच्या टाइल्स आणि छोट्या चकचकीत गोळ्यांचे सेट सध्या खूप विकले जातात. एकापेक्षा जास्त चुंबक, किंवा एक चुंबक आणि एखादा धातूचा तुकडा पोटात गेला, तर ते आतड्याच्या वेगवेगळ्या वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात. मध्ये चिमटलेली आतड्याची भिंत मरते आणि तिला भोक पडते. सुरुवातीला मूल ठणठणीत दिसू शकते किंवा साधी उलटी, पोटदुखी होते, म्हणून वेळ जातो. चुंबक गिळल्याचा नुसता संशय असला तरी त्याच दिवशी, लगेच, एक्स-रे आणि बालशल्यचिकित्सेची सोय असलेल्या रुग्णालयात जा. केळी खाऊ घालून वाट पाहणे हा उपाय नव्हे. गोळ्यांचे सेट लहान मुले असलेल्या घरात आणूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. टाइल्स घेतल्या तर कडा तडकलेल्या नाहीत ना हे दर आठवड्याला पाहा, तडा गेलेली टाइल फेकून द्या.

दुसरी, बटणासारखी चपटी बॅटरी. दिवे लागणाऱ्या, आवाज करणाऱ्या ब्लॉक्समध्ये ती असते. अन्ननलिकेत अडकली तर ओल्या आवरणातून वीज वाहू लागते आणि दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. लाळ गळणे, खायला नकार, खोकला, छातीत दुखणे ही लक्षणे असतात, कधी काहीच नसते. उलटी करवू नका, खायला देऊ नका, तातडीने रुग्णालय. मूल एक वर्षापेक्षा मोठे असेल, गिळता येत असेल आणि बारा तासांच्या आतली घटना असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध देता येतो, जास्तीत जास्त सहा वेळा. पण मध शोधण्यासाठी थांबायचे नाही. बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद होणारे असेल तरच ते खेळणे घ्या.

तुकडा घशात अडकला आणि मूल जोराने खोकत असेल तर त्याला खोकू द्या. आवाज निघत नसेल, ओठ निळे पडत असतील तर एक वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथे, डोके खाली ठेवून पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा मारा, मग उताणे करून छातीच्या मधोमध पाच वेळा दाबा. मोठ्या मुलाला पुढे वाकवून पाठीवर पाच थापा, नंतर मागून कवेत घेऊन बेंबीच्या जरा वर मूठ ठेवून पाच वेळा आत-वर दाबा. वस्तू निघेपर्यंत आळीपाळीने करत राहा आणि दुसऱ्याला १०८ ला फोन करायला लावा. मूल निपचित पडले तर सीपीआर सुरू करा. दिसत नसलेल्या वस्तूसाठी तोंडात बोट फिरवू नका, ती आणखी आत जाते.

नाकाचेही सांगतो, कारण ते बऱ्याचदा निसटते. सर्दी दोन्ही नाकपुड्यांतून वाहते. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल तर आत मणी किंवा तुकडा असण्याची दाट शक्यता. चिमटा, काडी, पिन घालू नका, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या. आत बटण बॅटरी असेल तर तीही तातडीची बाब.

खरेदी करताना आयएसआय चिन्ह पाहा. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना ते सक्तीचे आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांच्या खेळण्यांना यातून सूट आहे, त्यामुळे लाकडी खेळण्यांवर ते नसले म्हणजे खेळणे वाईट असे नाही. तिथे कडा, सुटे भाग आणि रंग स्वतः तपासा. तीन वर्षांखालच्यांना नको, असे सांगणारे गोलातले चिन्ह असते. ते मुलाच्या हुशारीबद्दल नसून त्याच्या श्वासनलिकेच्या आकाराबद्दल असते. ‘आमची फार समजूतदार आहे’ हा युक्तिवाद तिथे चालत नाही.

स्वच्छता

प्लास्टिकचे ब्लॉक्स जाळीच्या पिशवीत घालून कोमट साबणाच्या पाण्यात धुता येतात. लाकडी ठोकळे पाण्यात बुडवू नका, फुगतात आणि बुरशी येते. ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा. घरात जुलाब, हात-पाय-तोंड असा आजार किंवा जोराची सर्दी असेल तर आजारी मुलाचे ठोकळे वेगळे ठेवा आणि बरे झाल्यावर धुवा. ताप उतरल्यावर अंथरुणात बसलेल्या मुलाला ताटात दहा-बारा ठोकळे द्या. प्लास्टर घातलेल्या हाताची बोटे मोकळी असतील तर डॉक्टरांना विचारून तेच द्या. बोटे हलती राहतात आणि दुपार सरते.